भाडेकरूचा गांजा आणि मालकाचं कलम २५: घर, गोदाम किंवा शेत देणाऱ्याने कधी, काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

नेहमी घडतं ते असं. फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. शेजारच्या काकू फोन करतात, "रात्री विचित्र वास येतो हो तुमच्या घरातून, आणि खिडक्यांना कायम काळा कागद." मालक वैतागून भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करतो, "गांजाचे धंदे माझ्या घरात चालणार नाहीत. महिनाभरात जागा खाली करा." त्या महिन्याचं भाडंही खात्यात जमा होतं. मालकाला वाटतं, सुटलो. पंधराव्या दिवशी छापा पडतो, भाडेकरूचा मोबाइल जप्त होतो आणि त्यात मालकाच्याच हातचा पुरावा सापडतो: याला पंधरा दिवसांपासून सगळं ठाऊक होतं.

या मालकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने आधी भाडेकरूला सांगितलं आणि पोलिसांना सांगितलंच नाही. पुढे दिलेला क्रम महाराष्ट्रातल्या मालकांसाठी आहे. अमली पदार्थांचा कायदा केंद्राचा असल्यामुळे शिक्षांचा भाग गोव्यातही तोच. भाडे कायद्याचा भाग मात्र फक्त महाराष्ट्राचा.

## आधी हे डोक्यात पक्कं करा: मालकाला किती शिक्षा?

कायद्याचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव एनडीपीएस, साल १९८५. त्याचं कलम २५ सांगतं की घर, खोली, आवार, मोकळी जागा, जनावर किंवा वाहन यांचा जो मालक आहे, ज्याचा तिथे ताबा आहे किंवा ज्याच्या हातात तिचं नियंत्रण आहे, त्याने ती जागा या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला जाणूनबुजून वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. मालकासाठी वेगळा, स्वस्तातला दर नाही.

मूळ गुन्ह्याची शिक्षा कलम २० मध्ये आहे:

- गांजाच्या झाडांची लागवड: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. इथे किलोचा हिशेब नाही. कुंडीतली चार झाडं हीसुद्धा लागवडच.
- तयार गांजा १ किलोपर्यंत (चरस १०० ग्रॅमपर्यंत): १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- त्याहून जास्त, पण कमर्शियल क्वांटिटीपेक्षा कमी: १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड.
- कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे गांजा २० किलो आणि चरस १ किलोच्या पातळीपासून पुढे: किमान १०, कमाल २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड.

शेवटच्या ओळीत जामीनही अडकतो. कलम ३७ नुसार, आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे याची न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि ते वाढवूनही घेता येतात. गोदामात दुसऱ्याची पोती ठेवू देणाऱ्याने हे नीट वाचावं. दहा हजार महिना भाड्यासाठी ही जोखीम कोणी शुद्धीत असताना घेणार नाही.

सगळं येऊन थांबतं "जाणूनबुजून" या शब्दावर. नुसती मालकी म्हणजे गुन्हा नव्हे. २०११ साली पंजाबातल्या एका ट्रकच्या सहमालकाला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण ट्रक त्याच्या माहितीने आणि संमतीने वापरला गेला हे सरकार पक्षाने आधी दाखवलंच नव्हतं. पण त्या निकालावर निर्धास्त होऊ नका. सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी दाखवल्या की कलम ३५ लागू होतं. मग तुमच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं आणि ती नव्हती हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, तेही वाजवी शंकेला जागा न उरेल इतकं पक्कं. ते काम तोंडी होत नाही. तारखेचे कागद लागतात.

सावधान: मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या नावावर आणि भाडं-किल्ली सांभाळतो काका. अशा वेळी "मी मालक नाही" म्हणून काकाची सुटका नाही. नियंत्रण ज्याच्या हातात, तोही कलम २५ च्या शब्दांत बसतो. फार्महाउसचा केअरटेकर, पीजी चालवणारा, जागा परस्पर पोटभाड्याने देणारा भाडेकरू, सगळे यात आले.

## पायरी १: किल्ली देण्याआधीचे कागद

पहिला कागद म्हणजे नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा छोटी दिसते, पण खरं नुकसान दुसरीकडे होतं. करारच नसेल तर जागा कोणाच्या ताब्यात होती याचा तुमच्याकडे पुरावा नाही, आणि कुलूपबंद खोलीचा मालक म्हणून तपास अधिकाऱ्यासमोर पहिलं नाव तुमचं.

करारात साध्या मराठीत चार गोष्टी लिहून घ्या. जागेचा वापर नेमका कशासाठी (निवासासाठी, की अमुक मालाच्या साठवणुकीसाठी). राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. पूर्वसूचना देऊन मालक पाहणी करेल. बेकायदा वापर आढळला तर परवाना, म्हणजे जागा वापरायची परवानगी, मुदतीआधी रद्द होईल. एजंट छापील मसुदा पुढे सरकवतो, त्यात चौथी गोष्ट बहुतेक वेळा मोघम असते. ती नीट वाचा.

दुसरा कागद, पोलिसांना भाडेकरूची माहिती. बऱ्याच शहरांत पोलीस आयुक्तांचे आदेश असतात की भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा दाखल होतो. माहिती राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरून भरता येते. भाडेकरू परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन नोंद करावी लागते.

तपासा: पोलिसांकडे माहिती दिल्याची पोच किंवा स्क्रीनशॉट, करार आणि आधारच्या प्रती एका फाइलमध्ये आहेत का? "एजंटने केलंय सगळं" हे उत्तर चालत नाही. पोच तुमच्याकडे हवी.

भाडं रोखीत घेऊ नका. बाजारभाव १५ हजार असताना कोणी ३० हजार रोख, सहा महिन्यांचे आगाऊ देत असेल, तर खुश होण्याआधी विचार करा. नंतर हाच जादा पैसा "माहीत होतं म्हणूनच जास्त घेतले" या युक्तिवादाचा आधार बनतो.

## पायरी २: ताबा दिल्यानंतर डोळे उघडे

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ मालकाला पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जागा पाहायचा हक्क देतं. दर तीन-चार महिन्यांनी पाहणी करा. आदल्या दिवशी मेसेज टाका आणि पाहणीनंतर "आज पाहणी केली, नळ गळतोय, बाकी ठीक" अशी एक ओळ पाठवा. अशा कंटाळवाण्या ओळींची रांग हाच पुढे तुमचा बचाव असतो.

घरात गांजा वाढवणाऱ्याला उजेड, हवा आणि आडोसा लागतो. म्हणून खुणाही त्याच: खिडक्या कायम झाकलेल्या, एका खोलीला वेगळं कुलूप, भिंतींना चकाकणारी फॉइल, दिवसरात्र चालणारे एक्झॉस्ट पंखे, जांभळट एलईडी दिव्यांची फट, भिंतींना ओल, खतांचे आणि रसायनांचे डबे. आणि विजेचं बिल. बिल बहुधा मालकाच्याच नावावर असतं आणि मालकाच्याच मोबाइलवर येतं. वन बीएचकेचं बिल तिपटीने वाढून तुमच्या फोनवर सहा महिने येत असेल, तर "कल्पना नव्हती" हे पटवणं अवघड. बिल वाढलं की लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. एसी आणि गिझर हेही कारण असू शकतं.

गोदामाची गोष्ट वेगळी. तिथे झाडं नसतात, माल असतो. रात्री अपरात्री येणारे टेम्पो, करारात "कपडा" आणि प्रत्यक्षात टेपने घट्ट गुंडाळलेली चौकोनी पाकिटं, मालाची बिलं विचारली की टाळाटाळ. एवढं पाहिलं तरी पुरे.

## पायरी ३: शेत बटईने दिलं असेल तर

इथे सर्वांत जास्त गफलती होतात, कारण व्यवहार तोंडी असतो. पुण्यात नोकरी, गावी चार एकर, भावकीतल्या कोणाला अर्धेलीने दिलेली. वर्षातून एकदा दिवाळीत बांधावर जाऊन फोटो काढायचा, झालं.

शेतमालकावर एनडीपीएसच्या कलम ४६ ची वेगळी जबाबदारी आहे. जमिनीत गांजाची बेकायदा लागवड आहे हे कळताच जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा कलम ४२ मधल्या खात्यांच्या अधिकाऱ्याला कळवायचं. जाणूनबुजून कळवलं नाही तर तोच गुन्हा. "मी काही लावलं नाही, मी फक्त गप्प बसलो" हे घरमालक निदान म्हणून तरी बघेल. शेतमालकाच्या बाबतीत गप्प बसणंच कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. सरपंच, पंच आणि गावचे इतर अधिकारी यांच्यावरही कळवण्याची अशीच जबाबदारी कलम ४७ टाकतं. म्हणून पोलीस पाटलाने "मिटवून घेऊ" म्हटलं तरी ऐकू नका. मिटवायचा अधिकार त्यालाही नाही.

दुसरी गोष्ट कलम ५४. स्वतः कसलेल्या जमिनीत गांजाचं झाड आढळलं आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर गुन्हा केला असं गृहीत धरता येतं. मग कसतं कोण हे कागदावर दिसायला नको? बटईचा लेखी कागद नाही, ई-पीक पाहणी तुमच्याच नावाने, आणि शेत कसतो दुसरा. अशा वेळी सातबारा तुमच्याकडेच बोट दाखवतो. बटईदाराशी काय आणि कसं लिहायचं हे वकिलाला विचारून ठरवा, कारण कूळ कायद्याचा धाक इथे खरा आहे. पण निदान पीक, गट नंबर, हंगाम आणि कसणाऱ्याचं नाव असलेला कागद हवाच.

पाहणी बांधावरून होत नाही. गांजा उंच पिकाच्या पोटात लावतात: तूर, ऊस, कापूस, मका. कडेच्या पाच-सहा ओळी स्वच्छ, मध्ये वेगळी झाडं. हंगामात दोनदा तरी शेताच्या मधोमध चालत जा. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, असे छापे वारंवार पडतात आणि तिथे जमीन कोणाची यावरूनच अर्धा गुंता होतो.

सावधान: अंबाडीचं पान बोटांसारखं फाटलेलं, कातरलेल्या कडांचं असतं, गांजासारखंच दिसतं. पान चावून पाहायच्या भानगडीत पडू नका, फूल बघा. अंबाडीला फिकट पिवळं, मध्ये गडद लाल ठिपका असलेलं मोठं फूल येतं. बांधावरच्या अंबाडीसाठी बटईदाराला चोर ठरवलं तर भाजी जाईल आणि माणूसही.

## पायरी ४: संशय आला. पहिल्या दिवशी काय करायचं नाही

मालकाचे सगळे घोळ याच दिवशी होतात.

भाडेकरूला फोन किंवा मेसेज करू नका. तो माल हलवेल आणि तुम्ही सावध केलंत असा अर्थ निघेल.

झाडं उपटू नका, जाळू नका, पोती बाहेर फेकू नका. शेतकरी घाबरून हेच करतो. त्याला वाटतं शेत साफ झालं, पण प्रत्यक्षात पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येतो. नमुना म्हणून फांदी तोडून ठाण्यात घेऊन जाणं त्याहून वाईट. वाटेत गाडी अडवली, तर ती फांदी तुमच्याच ताब्यातली.

कुलूप फोडून आत शिरू नका. वीज-पाणी तोडू नका. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली मालकाचाच गुन्हा आहे.

आणि भाडं वाढवून मागू नका. हसू येईल, पण असं करणारे आहेत.

करायचं एवढंच: काय दिसलं, कोणी सांगितलं, किती वाजता, हे वहीत तारखेसह लिहा. जिन्यातून, रस्त्यावरून, बांधावरून जे सहज दिसतं त्याचे फोटो ठेवा. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवायला सचिवांना सांगा, कारण सांगायची गरज नाही.

## पायरी ५: कळवणं, आणि कळवल्याची पोच

ताबडतोब म्हणजे त्याच दिवशी. प्रकार समोर चालू असेल तर ११२. अमली पदार्थांसाठी केंद्राची १९३३ ही हेल्पलाइनही आहे. पण फोन पुरेसा नाही, मालकाला पोच हवी. म्हणून ठाण्यात लेखी अर्ज द्या. मसुदा एवढाच:

"मी अमुक पत्त्यावरील जागेचा मालक आहे. जागा अमुक तारखेच्या नोंदणीकृत कराराने अमुक यांना दिली आहे. आज अमुक वाजता मला अमुक दिसले / अमुक माहिती मिळाली. तेथे अमली पदार्थाची लागवड किंवा साठवण होत असल्याचा मला संशय आहे. अशा वापरास माझी संमती नाही. भाडे दरमहा बँकेत जमा होते, ते स्वीकारावे किंवा कसे याबाबत सूचना द्यावी. मी भाडेकरूस याबाबत काहीही कळवलेले नाही. तपासात सहकार्य करीन."

शेवटून तिसरं वाक्य महत्त्वाचं. एकदम भाडं नाकारलं तर भाडेकरूला कळतं, घेत राहिलात तर प्रश्न तुमच्यावर. अर्जात विचारून ठेवलं की दोन्ही बाजू झाकल्या जातात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बारनिशीचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ठाणे अंमलदार "साहेब आल्यावर या" म्हणाला, तर तोच अर्ज त्याच दिवशी ठाण्याच्या आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या ईमेलवर आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. नाव फुटायची भीती असते. माहिती कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, एनडीपीएसचं कलम ६८ तसं सांगतं.

सावधान: जुना भाडेकरू हटत नाही म्हणून खोटी खबर देण्याचा मोह काहींना होतो. द्वेषाने खोटी माहिती देऊन झडती किंवा अटक घडवली, तर त्याच कायद्याच्या कलम ५८ खाली २ वर्षांपर्यंत कैद. अर्जात "संशय आहे" असंच लिहा, "खात्री आहे" असं नको.

## पायरी ६: छापा पडल्यावर

तुम्हाला बोलावणं येईल. हातात नोटीस आली की आधी कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कारवाई कशी चालवायची ते सांगणारा कायदा) १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. ३५(३) असेल तर संशयित म्हणून. दुसऱ्या प्रकारात वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका, पण जा नक्की. न गेल्यास अटकेचं निमित्त मिळतं.

फाइलमधल्या प्रतीच द्या, मूळ कागद दिले तर पोच घ्या. फोनमधले मेसेज पुसू नका, अगदी तुमच्या विरोधात जाणारेसुद्धा. समोरच्याच्या फोनमध्ये ते आहेतच, आणि तुमच्याकडून पुसलेले दिसले की प्रामाणिक चूकही लबाडी वाटते. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा.

जबाबात तारखा अंदाजाने सांगू नका. "मार्चमध्ये वास आला असेल" असं सैल बोललात आणि अर्ज जूनचा असेल, तर मधले तीन महिने तुमच्या गळ्यात. वही उघडा, वाचून सांगा.

घर लगेच सरकारजमा होतं, ही अफवा. तपासापुरती जागा सील होते. जप्तीची टांगती तलवार गुन्ह्यात वापरलेल्या वाहनावर असते. ते आपल्या आणि चालकाच्या नकळत वापरलं गेलं आणि सगळी वाजवी काळजी घेतली होती, हे मालकाला दाखवावं लागतं. आणि अशा धंद्याच्या पैशांतून घेतलेली मालमत्ता गोठवण्याचं प्रकरण कायद्यात वेगळं आहे.

## पायरी ७: जागा परत घेणं

सील तुम्ही काढायचं नाही, कितीही महिने झाले तरी. विशेष न्यायालयात अर्ज करा, आदेश घ्या, पंचनामा करून ताबा घ्या.

जागा राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने दिली असेल तर करारातल्या कलमानुसार परवाना रद्द केल्याची नोटीस द्या. मुदत संपूनही ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाडेकरू जुन्या पद्धतीचा, संरक्षित असेल तर रस्ता लांबचा. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये बेकायदा वापराचं कारण आहे, पण त्यासाठी दोषी ठरलेला भाडेकरू लागतो, नुसता गुन्हा दाखल होऊन भागत नाही. त्याच कलमात शेजाऱ्यांना उपद्रव हेही कारण आहे आणि त्याला शिक्षेची अट नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारी सुरुवातीपासून सांभाळा, त्या काकूंचीसुद्धा.

ताबा मिळाल्यावर आत उरलेलं सामान परस्पर भंगारात घालू नका. यादी करा, फोटो काढा, तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. कपाटामागे एखादी पुडी किंवा बियांची पिशवी सापडली, तर पुन्हा पायरी ४ आणि ५, तशाच क्रमाने.